गोऱ्याच्या कोटातलं आक्काचं खळं

दत्ताचा फोन आला तेव्हा मी उसाला दारं धरत होतो. पाणी भरात होतं, फोन खिशात वाजला तसा चिखलाच्या हातानंच उचलला. दत्ता म्हणजे माझा भाचा, माझ्या थोरल्या बहिणीचा एकुलता मुलगा. "मामा, आई गेली," एवढंच बोलला. मी विचारलं, "जोंधळा काढला का रं?" सख्खी बहीण गेल्याचं कळल्यावर माणूस असलं काही विचारतो का, असं वाचणाऱ्याला वाटेल. दत्ताला वाटलं नाही. तो म्हणाला, "न्हाई मामा. उभा हाय अजून." म्हणालो, येतो. हातातली सरी पुरी भिजू दिली, मोटर बंद केली, पाय धुतले आणि मगच निघालो. पाणी वाहतं टाकून गेलो असतो तर आक्कानं तिरडीवरून उठून विचारलं असतं, नामदेवा, मोटर कुणाच्या जिवावर सोडून आलास?

त्याला आता दीड महिना होत आला. माझी शाळा तिसरीपर्यंत. दत्ताची मुलं म्हणाली, तुम्ही सांगा, आम्ही नीट करून लिहितो. मी म्हणालो, नको. नीट करायला घेतलं की त्यातली आक्का निघून जाईल. लिहायचं कारण एवढंच आहे की भीमेच्या काठी, दौंडच्या अंगाला, गोऱ्यांच्या काळातला एक छोटा कोट आहे. सरकारनं तो मागं पुन्हा बांधून उभा केला. आता रविवारी पुण्याकडनं गाड्या येतात, माणसं दरवाजात फोटो काढतात, तबेला बघतात, विहीर बघतात. आत मधल्या फरसबंद आवारात गोटे मांडून केलेलं एक रिंगण आहे. रिंगणाच्या मधोमध मोठा दगड आणि दगडात मांडी जाईल एवढं भोक. बाजूला पाटी आहे, ‘येथे ध्वजस्तंभ होता’. आणि त्या पाटीखाली गेटवरच्या गार्डनं स्वतःच्या हातानं रंगानं लिहिलंय, ‘चपला बाहेर काढाव्या’. बघणारे चक्रावतात. झेंडा होता तर चपला कशाला काढायच्या, इथं देव आहे का, समाधी आहे का? आजवर हे सांगायचं काम आक्का करायची. ती गेली. आता मी सांगतो.

आक्काचं नाव भागीरथी, सगळे भागाक्का म्हणायचे. आमचं घर नदीच्या अलीकडं, मांडवगणच्या शिवारात. तिला दिली पलीकडं. तेव्हा पूल नव्हता, वऱ्हाड नावेतनं गेलं. नाव मधे आल्यावर करवल्या रडायला लागल्या आणि नवरीच त्यांना म्हणाली, "गप बसा, नाव हालती." तिच्या सासरची वस्ती कोटाच्या अगदी बुडाला. घोडनदी गावात गोऱ्यांची छावणी होती तेव्हा भीमेच्या उतारावर, म्हणजे माणसं पायी नदी ओलांडायची त्या जागेवर, नजर ठेवायला हा कोट बांधला, इथं त्यांचं घोडदळ असायचं, असं जुनी माणसं सांगायची. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा नजर ठेवण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. भिंती कंबरेएवढ्या, कुठं तेवढ्याही नाहीत. दरवाजाच्या जागी बाभळी. तबेल्यात वस्तीच्या म्हशी. बाहेर माळावर गोऱ्यांची पाच-सहा थडगी, त्यातलं एक अगदी लहान. पण मधलं आवार मात्र असं फरसबंद आणि सपाट, की बघणाऱ्या शेतकऱ्याला दुसरं काही सुचूच नये. तिथं गोरे कवायत करायचे म्हणे. वस्तीनं त्याचं खळं केलं होतं.

आता खळं म्हणजे काय हेही सांगायला पाहिजे, कारण माझ्या नातवंडांनाही ते माहीत नाही. यंत्रं नव्हती तेव्हा जोंधळ्याची कणसं खुडून खळ्यावर पसरायची. मधोमध एक खांब रोवायचा, त्याला तिवडा म्हणतात. तिवड्याला बैल बांधायचे आणि गोल फिरवायचे. त्यांच्या खुरांखाली दाणे सुटतात. साध्या जमिनीत खळं करायचं तर ती आधी भिजवा, तुडवा, शेणानं सारवा आणि दरसाली तिवड्याला खड्डा घ्या. कोटात हे काहीच नको. दगडांच्या सांध्यात शेणकाला भरला की झालं खळं. आणि तिवड्याचा खड्डा तर आयता, दगडात कोरलेला. वस्तीतल्या प्रत्येक माणसाची खात्री होती की हे भोक आपल्याच कुठल्यातरी पणजोबानं तिवड्यासाठी पाडलं. आक्काच्या सासऱ्याला विचारलं तर त्या पणजोबाचं नावसुद्धा सांगायचा. घरोघरचं पीक पाळीपाळीनं त्याच खळ्यात मळायचं. खळ्यात पायताण न्यायचं नाही, ती लक्ष्मीची जागा. आणि रास मापताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही. लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. तो ‘लाभ’ घरच्या धन्यानं म्हणायचा, दुसऱ्या कुणी नाही.

दाजी, म्हणजे आक्काचा मालक, दत्ता रांगत होता तेव्हाच गेले. तापानं गेले. पीक कापून पडलेलं होतं. आक्काचा दीर चांगल्या मनानंच म्हणाला असेल, मला ठाऊक नाही, पण म्हणाला, "वहिनी, तुम्ही घरात बसा. तुमच्यापुरता दाणागोटा आम्ही घालू." आक्कानं तडक मला निरोप धाडला. मी नावेतनं बैल पलीकडं नेले. सकाळी कोटात जाऊन बघतो तर बाईनं पदर खोचलेला, तिवडा स्वतः रोवलेला, आणि कणसं पसरून माझी वाट बघतीय. मी बैल जोडून हाकायला लागलो तर म्हणाली, "कासरा हिकडं दे. तू कणसं लोट." दिवसभर तिनं बैल फिरवले. संध्याकाळी वारा सुटला तशी उफणायला घोडीवर, म्हणजे उंच लाकडी तिवईवर, चढली. वाऱ्यावर दाणे सोडायचं ते काम बाईमाणसानं उंचावर उभं राहून केलेलं वस्तीनं तोवर बघितलं नव्हतं. एक म्हातारा म्हणाला, "बाईनं घोडीवर चढू न्हाई." आक्का वरनंच म्हणाली, "वारा काय बाई-बाप्या बघून येतूय व्हय, तात्या? बाजूला व्हा, डोळ्यात भुसा जाईल." रास झाली. दीर माप घेऊन पुढं आला. आक्कानं त्याच्या हातातनं माप घेतलं, भरलं, आणि पडक्या भिंतीपलीकडच्या म्हशींनी माना वर कराव्या अशा आवाजात म्हणाली, "लाभ."

त्या दिवसापासून ती जमीन कुणाची, हा प्रश्न त्या वस्तीत पुन्हा कुणी काढला नाही. तलाठ्याकडचं पुढं झालं. पण खरा निकाल खळ्यात लागला होता, तिवड्याच्या शेजारी. तेव्हा मला कुणी सांगू नये की ते नुसतं एक भोक होतं.

पुढं मळणीची यंत्रं आली, त्याच्या मागोमाग पाणी आलं, ऊस आला. खळी मोडली. कोटात परत बाभळी वाढल्या. आक्काच्या रानात सगळा ऊस झाला तरी विहिरीजवळचा एक तुकडा ती जोंधळ्याला राखायची. दत्ता कंपनीत लागला, तो म्हणायचा, आई, त्या तुकड्यातबी ऊस लावू. ती म्हणायची, "उसाची भाकरी करून दाव, मग लाव." दरसाल त्यातली चार पेंढ्या कणसं ती कोटात नेऊन काठीनं बडवायची, बाकीची यंत्रातनं काढायची. कशासाठी, असं मी विचारलं नाही. तिनं सांगितलंही नसतं.

मग कोट पुन्हा बांधायचं निघालं. खडी आली, चुना आला, उत्तरेकडची कामगार मंडळी येऊन नदीकाठी पत्र्याच्या खोल्यांत राहिली. चुना मळायची चक्की दिवसभर फिरायची. मला विचाराल तर चांगलं काम झालं. मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो. गावाला रस्ता झाला, चार पोरांना काम लागलं. कामावरचा इंजिनिअर सरळ माणूस होता, वयानं दत्ताएवढा. त्याच्याकडं गोऱ्यांच्या वेळचा नकाशा होता. त्यात आवाराच्या मधोमध एक टिंब, आणि तिथं झेंड्याची काठी. म्हणजे भोक झेंड्याचं. आता तिथं सिमेंट भरून वर चौथरा बांधायचा आणि त्यावर नवा खांब उभा करायचा, असं वरून ठरून आलेलं. आक्काला हे कळलं त्या दिवसापासून ती रोज सकाळी भाकरी बांधून कोटात जायची आणि भोकाशेजारी बसायची. भांडण नाही, ओरडा नाही. नुसती बसायची. कामगार तिच्या भोवतीनं घमेली न्यायचे.

दत्तानं मला बोलावलं, मामा तुम्हीच समजवा. मी गेलो. इंजिनिअर साहेब तिथंच उभे होते. मी म्हणालो, "आक्का, ऊठ. भोक झेंड्याचंच हाय. गोऱ्याला कशाला लागतंय खळं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"साहेबाच्या नकाशात हाय."

"आन् तो तू वाचलास? यष्टीची पाटी वाचून व्हईस्तवर यष्टी निघून जाती तुझी."

साहेबानं तोंड फिरवून हसू दाबलं, ते मी बघितलं. आक्का पुढं म्हणाली, "बरं, आसंल झेंड्याचं. मला सांग, गोऱ्याचा झेंडा हितं किती वरसं व्हता?"

"गोरं व्हतं तवर."

"आन् तिवडा?"

मला उत्तर येत होतं, पण चारचौघांत यष्टीचं काढल्यावर मी का द्यावं? मी वहाणा सरकवल्या आणि तिथल्या तिथं म्हणालो, "ह्या कोटात मी पुन्हा पाय ठेवणार न्हाई." ती म्हणाली, "निदान जाताना खळ्यातनं तरी वहाणा घालून जाऊ नगंस." मी वहाणा घालूनच बाहेर पडलो. ते वर्षभर आम्ही बोललो नाही. भोक झेंड्याचं, हे माझं मत आजही कायम आहे. पण मत वेगळं आणि बहीण वेगळी.

वर्ष होत आलं तरी ती भोकाशेजारी बसतच होती, तेव्हा साहेब तिच्याजवळ उकिडवे बसले आणि त्यांनी तिला खरं काय ते सांगितलं. हे मला दत्ताकडून कळलं. ते म्हणाले, "आजी, जी गोष्ट बंद पडली ती बुजवायचा मला अधिकार आहे. वापरात असेल तर मला बुजवता येत नाही, वर लिहून विचारावं लागतं. पण हे वापरात कुठं आहे?" आक्कानं विचारलं, "वापरात म्हंजी कसं? चार पेंढ्या बडवल्या तर?" साहेब म्हणाले, "चार पेंढ्यांचं मी काय लिहू? खळं दिसायला पाहिजे, आजी." आक्का उठली, लुगडं झटकलं आणि त्या दिवशी दुपारचीच घरी आली.

दोन दिवसांनी दत्ताचा फोन. "मामा, आई म्हणती बैल पायजेत." तेव्हा आमच्या भागात बैलजोडी राखणारा मी एकटाच उरलो होतो, पाखऱ्या आणि मोऱ्या. मी म्हणालो, "बैल एकटे येत न्हाईत म्हणावं." फोनवर पलीकडं कुजबूज झाली. मग दत्ता म्हणाला, "आई म्हणती, मग त्येंच्या मागनं जो येतूय त्यालाबी येऊ दे."

आता बैलांसाठी म्हणून मी गेलो, हे लक्षात घ्यावं. पहाटेच पुलावरनं निघालो. उसाचे ट्रक हॉर्न देऊन देऊन बैलांना कडेला दाबत होते. कोटाच्या दरवाजात आलो तेव्हा भिंती उभ्या राहिलेल्या, नवा चुना पांढराफेक. आत आक्कानं तोच तिवडा रोवला होता. बाभळीचा खांब, मधे जिथं कासरा घासायचा तिथं मनगटासारखा बारीक झालेला. जोंधळ्याच्या तुकड्यातली सगळी कणसं यंत्राकडं न पाठवता तिनं तिथं पसरली होती. ती सत्तरीच्या पुढची, मी तिच्या पाठोपाठचा. कामगार काम टाकून कडेला गोळा झाले. त्यांचा मुकादम होता रामसूरत नावाचा, बिहारकडचा. त्यानं एकदा तिवड्याकडं बघितलं आणि पहिल्यांदा पायातले बूट काढून लांब ठेवले. "माई, ये तो खलिहान है," तो म्हणाला. "हमारे गाँव में भी बीच में ऐसा ही खंभा गाड़ते थे. मेह बोलते हैं उसको."

"काय म्हंतूय रं ह्यो?" आक्कानं मला विचारलं. वर्षानंतरचा तिचा पहिला शब्द.

"म्हंतूय, त्यांच्यातबी आसंच आसतंय."

"ते दिसतंया. त्याला पायताण काढायचं कळलं. तू बघ."

मी खाली बघितलं. वहाणा पायातच होत्या. काढल्या. साहेबांनीही बूट काढले, त्यांचा मोजा अंगठ्याला फाटलेला होता. मग आक्कानं कासरा हातात घेतला. पाखऱ्या-मोऱ्यानं जन्मात खळं बघितलं नव्हतं, पण दोन फेऱ्यांत चालीला लागले. दाणे सुटायला लागल्यावर जो वास येतो तो मला कितीतरी वर्षांनी आला... त्याचं मी काही लिहीत नाही. ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

अडलं ते उफणताना. पूर्वी भिंती पडलेल्या, नदीवरचा वारा सरळ आत यायचा. आता चारी बाजूंनी भिंत. आक्का घोडीवर उभी, सूप वर धरलेलं, आणि वाऱ्याची झुळूक नाही. साहेबांना म्हणाली, "भिंत झ्याक बांधली. पर वाऱ्याला इचारलं न्हाई तुम्ही." साहेब म्हणाले, "आजी, नकाशात वारा नव्हता." सगळे हसले. रामसूरतनं युक्ती काढली, घोडी उचलून दरवाजाच्या समोरासमोर नेली. ऊन कलल्यावर दरवाजातनं वारा असा आला की साहेबांची टोपी उडाली. रास झाली, लहानशीच, पण रास. आक्कानं माप भरलं आणि म्हणाली, "लाभ." आवाज आता तेवढा राहिला नव्हता. पण नव्या भिंतीनं तो उचलला आणि परत आणून दिला. जुन्या पडक्या भिंतींना हे कधी जमलं नव्हतं. आक्का दचकली. मग मान डोलावून म्हणाली, "दोन."

साहेबांनी मोबाईलवर फोटो काढले होते. ते लावून त्यांनी वर लिहिलं, की खळं वापरात आहे. कसं लिहिलं, कुणाला लिहिलं, मला माहीत नाही. पण चौथरा हलला. तो आता दरवाजाच्या डाव्या अंगाला भिंतीशी आहे, जाऊन बघा. भोक तसंच राहिलं. भोवतीचे गोटे आक्कानं नदीतनं वेचून आणून मांडले.

कोट लोकांना खुला झाला त्या पहिल्या रविवारी तिनं मला बोलावून घेतलं, चल, बघून येऊ. दारात तिकीट होतं. गार्ड केडगावचा, नवीनच लागलेला. म्हणाला, "आजी, तिकीट घ्या." आक्कानं हातातली कणसं दाखवली. "बघायला येत्यात त्यांना तिकीट. म्या कामाला आलीया." गार्ड बिचारा माझ्याकडं बघायला लागला. मी माझ्यापुरतं तिकीट काढलं, मी बघायलाच आलो होतो. मग नव्यानं बांधलेल्या घरात सासूनं हिंडावं तशी ती सगळीकडं हिंडली. तबेल्यात घोड्यांची चित्रं लावलेली. म्हणाली, "आमच्या म्हशींचंबी एक लावायचं. घोड्यांपरीस जास्त दिस ऱ्हाईल्यात त्या हितं." विहिरीतला गाळ काढलेला बघून खूश झाली. वरच्या भिंतीवर चढायला मी नको म्हणालो, तर चढलीच. तिथनं आपलं रान बघितलं, नदी बघितली, नदीपलीकडं बोट दाखवून म्हणाली, "ती तुझी मोटर. चालू हाय बघ, पानी वाया चाललंय." मोटर बंद होती. इतक्या लांबनं तिला दिसणं शक्यच नव्हतं. पण घरी जाऊन मी बघून घेतलं.

बाहेर थडग्यांपाशी गेली. ती आता नीट केलेली, भोवती साखळी. त्या लहान थडग्यापाशी तिनं पदराची गाठ सोडून जोंधळ्याचे चार दाणे ठेवले. हे ती पहिल्यापासून करायची, दर मळणीला. मी विचारलं, "ह्ये कशापायी? त्ये कुठं आपल्यातलं हाय?" म्हणाली, "शेजारी हाय. रास झाली की शेजाऱ्याला देत्यात." शेवटी रिंगणापाशी आलो. पाटीवर काय लिहिलंय ते मागनं येऊन पोचलेल्या दत्तानं तिला वाचून दाखवलं. साहेब तिथंच होते. त्यांना म्हणाली, "पुढं लिव्हा की, आता तिवडा हाय." साहेब म्हणाले, "आजी, पाटीवर जुनं लिहितात. आत्ताचं लिहायची पद्धत नाही." यावर ती भांडेल असं मला वाटलं होतं. पण म्हणाली, "बराय. जुनं तुम्ही लिव्हा. आत्ताचं म्या सांगीन."

आणि सांगत राहिली. पुढं साहेबांची बदली झाली, माझे बैल गेले, रामसूरत आपल्या गावी गेला. पण दरसाल जोंधळा निघाला की आक्का तिवडा खांद्यावर घेऊन कोटात. बैल नव्हते तर काठीनं बडवायची, पण तुकड्यातलं सगळं पीक तिथंच. तिवडा रोवल्याशिवाय काठी उचलायची नाही. दत्ता म्हणायचा, आई, बैल न्हाईत तर तिवडा कशाला? ती म्हणायची, "वापरात हाय." तिला आता तो एक शब्दच सापडला होता. बघायला आलेली माणसं जमली की त्यांना आधी चपला काढायला लावायची, मग सांगायची. पुण्याच्या बायका तिच्याबरोबर फोटो काढायच्या. ती हातातली काठी त्यांच्या हातात द्यायची. "फोटू मागनं. आदी चार कणसं बडवा."

तिच्या दहाव्याला गार्ड आला होता. जेवण झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, नवीन साहेब आले होते. भोकाकडं बघून विचारत होते, ती आजी वारली ना?" मी विचारलं, पुढं काय म्हणाले? "पुढं काय न्हाई. नुसतं व्हय का म्हणाले, आन् वहीत काय तरी लिवलं." मी समजलो. त्या साहेबाचाही दोष नाही. जे बंद पडलं ते बुजवायचं, असा नियम आहे. आणि जोंधळा रानात उभा होता.

मी दत्ताला म्हणालो, मळणी करायची. तो म्हणाला, "मामा, यंदा ऱ्हाऊ द्या. वरीस दुखवट्याचं हाय." मी म्हणालो, "दुखवट्यात जेवतूस का न्हाई? मग मळायलाबी चालतंय." माझं बोलणं त्याला पटलं असं नाही, पण मी हटत नाही हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. त्यानं कंपनीतनं सुट्टी काढली. तो, त्याची बायको सुनीता आणि मी, असे तिघं कणसं घेऊन गेलो. गार्डनं आम्हाला बघितलं आणि बूट काढून त्याच्या खुर्चीखाली ठेवले. तिवडा भोकात सोडला. खाली टेकल्यावर तो जो एक बारीक आवाज करतो, तो केला. आम्ही बडवत बसलो. फिरायला आलेली माणसं बघत होती. एकानं विचारलं, काय चाललंय? मी त्याला सगळं सांगितलं, जसं इथं लिहिलंय तसंच. नंतर तोही बसला बडवायला. दरवाजासमोर बसून वारा यायची वाट बघितली. वारा आला.

रास झाल्यावर दत्तानं माप माझ्यापुढं केलं. मी म्हणालो, "मी माहेरचा. माझा हक्क न्हाई." दत्तानं ते स्वतः घेतलं, आणि हातात नुसतं फिरवत राहिला. तेव्हा सुनीतानं त्याच्या हातातनं माप घेतलं, बसली, भरलं आणि हळूच म्हणाली, "लाभ." मी म्हणालो, "मोठ्यानं." तिनं माझ्याकडं असं बघितलं की क्षणभर मला वाटलं, यष्टीचं काढते की काय. मग मोठ्यानं म्हणाली. भिंतीनं तो आवाज तिला परत आणून दिला. जाताना चार दाणे त्या लहान थडग्यावर ठेवायला मी विसरलो होतो. तिनं आधीच ठेवले होते.

घरी आलो तेव्हा तिवडा माझ्या खांद्यावर होता. आक्काच्या घरात तो वर्षभर दारामागच्या कोपऱ्यात उभा असायचा. तिथल्या भिंतीला त्याच्या टेकण्याचा काळा डाग पडलाय. बघतो तर आम्ही कोटात असताना त्या कोपऱ्यात कुणी गॅसचा भरलेला सिलिंडर आणून ठेवलेला. बोलायला मी तोंड उघडतोय, तोवर सुनीतानं पदर खोचला, सिलिंडर तिरका केला आणि बुडावर फिरवत फिरवत ओसरीवर नेऊन ठेवला. परत येऊन माझ्या खांद्यावरचा तिवडा उतरवून घेतला, त्या डागाला नेमका टेकवला.

"सिलिंडर कुठंबी ऱ्हाईल, मामा," ती म्हणाली. "ही जागा वापरात हाय."